दोरा कोणाचा?

तर झालं असं, की आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी एक वाचनालय चालतं. वाचनालय म्हणजे क्लबहाऊसमधलं एक लोखंडी कपाट, त्यातली तीनेकशे पुस्तकं आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेला मी. (सोमवार ते शुक्रवार कोड पाडायचा, वीकांताला ग्रंथपाल. पगार पहिल्या कामाचा मिळतो, झोप दुसऱ्या कामात.) यंदा कमिटीच्या बैठकीत मी एक टूम काढली. सोसायटीत आणि मागच्या वस्तीत जे बाळ जन्माला येईल त्याला बारशाला एक कॅनव्हासची पिशवी द्यायची, आत दोन चित्रांची पुस्तकं आणि वाचनालयाचं कार्ड. बाळाचं पहिलं दप्तर!

कल्पना माझी नाही, उगाच श्रेय घेत नाही. माझी चुलतबहीण इंग्लंडात बर्मिंगहॅमला असते. तिच्या मुलाला नर्सने तपासलं, वजनबिजन केलं आणि जाताना पुस्तकांची पिशवी हातात ठेवली. या योजनेचं नाव बुकस्टार्ट, आणि ती सुरू झाली बर्मिंगहॅमलाच, १९९२ साली, फक्त तीनशे कुटुंबांपासून. वेंडी कूलिंग नावाच्या बाईंनी ती उभी केली. शाळेच्या पहिल्या दिवशी पाच वर्षांचा एक मुलगा त्यांनी पाहिला. पुस्तक हातात दिल्यावर त्याने ते हुंगलं आणि चावून पाहिलं. त्याला वस्तू काय आहे तेच माहीत नव्हतं. बाईंच्या डोक्यात आलं की पाचव्या वर्षी फार उशीर होतो, चावायचंच असेल तर ते नवव्या महिन्यात चावू दे. मग ग्रंथालय आणि आरोग्य खातं एकत्र आलं, आणि बाळाच्या तपासणीच्या वेळी पुस्तकं वाटायला सुरुवात झाली.

आता यात एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपला 'दप्तर' हा शब्द फारसीतून आला, फारसीत तो गेला ग्रीकमधून. मूळ ग्रीक शब्द 'डिफ्थेरा', म्हणजे कातडं. कातड्यावर लिहायचे, म्हणून लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा म्हणजे दप्तर, मग ते ठेवायचं कार्यालय म्हणजे दप्तर, आणि शेवटी पोराच्या पाठीवरची पिशवी म्हणजे दप्तर. त्याच ग्रीक शब्दापासून 'डिप्थेरिया' आलं, आपला घटसर्प, कारण त्या रोगात घशात कातड्यासारखा पडदा धरतो. म्हणजे सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला बाळाच्या मांडीत जी सुई टोचतात तिच्यातला एक भाग आणि पाठीवरचं दप्तर हे सख्खे भाऊ आहेत. वर 'पुस्तक' हा आपला संस्कृत वाटणारा शब्दही बहुधा इराणी भाषांतल्या 'पोस्त'वरून आलाय असं बरेच अभ्यासक मानतात. पोस्त म्हणजे पुन्हा कातडंच. असो.

नवजात बाळाला कशाला आलीय पुस्तकाची पिशवी, असं आमचे खजिनदार बैठकीत म्हणालेच. त्यांना मी सटवाईची आठवण करून दिली. बाळाच्या सहाव्या रात्री (काही घरांत पाचव्या) सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते. ती रिकाम्या हाताने येणार म्हणून तिच्यासाठी बाळाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. आता बॉलपेन ठेवतात. आमच्याकडे माझ्या धाकट्या भावाच्या वेळी वहीचा कागद ठेवलेला मला आठवतो, आणि सकाळी उठून मी त्यावर काही उमटलंय का ते उजेडात धरून पाहिलं होतं. तेव्हा मराठी बाळाला जन्मल्यापासून आठवड्याच्या आत लेखनसाहित्य मिळतं, आपण फक्त वाचनसाहित्याची भर घालतोय. खजिनदारांना युक्तिवाद पटला नाही, पण हसू आलं, आणि बजेट मंजूर झालं. चाळीस पिशव्या.

खरं तर बाळ आणि कापड यांचा आपल्याकडचा नियम नेमका उलटा आहे. बाळाला नवं कापड घालायचं नाही. बाळंतविड्यात काय असतं? झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, आणि बाळाखाली घालायला गोधडी. यातलं दुपटं आणि लंगोट जुन्या, विटलेल्या सुती साडीचे किंवा धोतराचे, आणि गोधडी तर जुन्याचीच. याला शकुन-अपशकुनाचे पदर आहेत, पण वस्त्रशास्त्रही आहे. कोऱ्या कापडाच्या सुताला मागावर चढवताना खळ दिलेली असते, ती टोचते. शंभर वेळा धुतलेल्या नऊवारीतली खळ केव्हाच निघून गेलेली असते, धागे मोकळे झालेले असतात, पाणी पटकन शोषतात. सासूची साडी सुनेच्या बाळाखाली. गोधडी म्हणजे अशा पाच-सहा साड्यांचे थर, वरून धावदोरा. ती विकत घ्यायची गोष्ट नव्हती आणि विकायचीही नव्हती. घरातल्या बायांनी दुपारी बसून घालायचे टाके, त्याचा हिशोब कुठेच नाही.

कॅनव्हास म्हणजे याच्या दुसऱ्या टोकाचं कापड. जाड, ताठ, खळीने कडक. वीण साधीच, एक उभा एक आडवा, पण सूत पीळदार आणि ठासून विणलेलं. शब्द आला कॅनाबिसवरून, कारण युरोपातली शिडं भांगेच्या झाडाच्या धाग्याची असत. म्हणजे भाषाशास्त्राच्या हिशोबाने आम्ही बारशाला गांजा भेट देणार होतो! जाड सुती कापडाला इंग्रजीत 'डक' म्हणतात, त्याचा बदकाशी संबंध नाही, डच भाषेत 'डूक' म्हणजे कापड. (मांजरपाटाचा मांजराशी नाही तसंच.)

आणि या खानदानात आपलंही एक नाव आहे. मुंबईतली डोंगरी. तिथे मिळणारं जाडंभरडं सुती कापड डोंगरी किंवा डुंगरी म्हणून ओळखलं जाई. सतराव्या शतकापासून ते इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदांत दिसतं. गरिबांचे कपडे, तंबू, गलबतांची शिडं, सगळ्याला तेच. त्यावरून इंग्रजीत 'डंगरी' झालं, आणि आज मॉलमध्ये दोन वर्षांच्या पोरांसाठी खांद्यावर पट्टेवाली डंगरी मिळते ती हीच. डोंगरीत राहणाऱ्याला विचारलं तर त्याला हे माहीत असायची शक्यता कमी. मलाही परवापर्यंत नव्हतं.

पुस्तकाभोवती कापड ही गोष्ट मात्र आपल्याकडे जुनी. पोथी म्हणजे सुटी पानं, वरखाली फळी, आणि भोवती चौकोनी कापड गुंडाळून बांधलेलं. पुण्यात पेशवे दप्तर आहे, पुराभिलेखागाराच्या १८९१ सालच्या दगडी इमारतीत. तिथले मोडी कागद कापडात बांधलेत आणि त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. घाम पुसायचा नव्हे. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३०च्या दशकात असे हजारो रुमाल सोडून-बांधून पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड काढले. लक्षात घ्या, हे सगळं बिनशिवलेलं आहे. चौकोनी कापड, चार टोकं, गाठ. टाका एकही नाही. माझा अंदाज असा की छापील, बांधणीची पुस्तकं आणि शाळेची पाटी आली तेव्हाच शिवलेल्या पिशवीची गरज पडली. सुट्या पानांना गाठ पुरते, पाटीला कप्पा लागतो.

म्हणजे प्रश्न येतो तो शिवणाऱ्याचा. जुन्या गावगाड्यात शिवणं हे शिंप्याचं काम. बलुतेदार-अलुतेदारांच्या याद्यांत तो बहुधा अलुत्यांत येतो. संत नामदेव शिंप्याच्या घरातले, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. बायकांच्या अंगावर साडी, ती बिनशिवलेली. पुरुषाचं धोतर, उपरणं, पागोटं, तेही बिनशिवलेलं. तेव्हा पैसे घेऊन कापड बेतणं आणि शिवणं हा पुरुषाचा धंदा, आणि बायांचं शिवण म्हणजे गोधडी, झबलं, टोपडं, फाटकं सांधणं. ते घरातलं, फुकट.

हे चित्र बदललं एका यंत्राने. आयझॅक सिंगरने १८५१ साली अमेरिकेत पेटंट घेतलं. शिवणयंत्राचा शोध काही त्याचा एकट्याचा नव्हे. सुईच्या टोकाला भोक, खालचा दुसरा दोरा, कापड सरकवणारे दाते, प्रत्येकाचं पेटंट वेगळ्याकडे आणि सगळे एकमेकांवर खटले भरून बसलेले. शेवटी १८५६ साली त्यांनी पेटंटं एकत्र करून एक गट केला. आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे प्रकरण जरूर वाचावं, आपण फार नवीन काही भांडत नाही. सिंगरची दुसरी करामत म्हणजे हप्ते. थोडे पैसे भरा, यंत्र घरी न्या, बाकीचे शिवून फेडा. हे यंत्र आणि हे हप्ते १८७०च्या दशकात हिंदुस्थानात पोचले.

गांधीजी यंत्रांच्या विरोधात, पण शिवणयंत्र त्यांनी अपवाद म्हणून मान्य केलं होतं. १९२४ साली त्यांनी सांगितलं की सिंगरने आपल्या बायकोला हाताने टाके घालताना पाहिलं, तिचे कष्ट वाचावेत म्हणून प्रेमापोटी हे यंत्र बनवलं. कथा गोड आहे. प्रत्यक्षात सिंगर हा एक नंबरचा उनाड माणूस, मुळातला नाटकवाला, एकाच वेळी अनेक संसार, आणि वेगवेगळ्या बायकांपासून दोन डझनांच्या आसपास मुलं. बाळंतविड्याचा घाऊक ग्राहक म्हणायला हरकत नाही :)

पण गांधीजींना तपशील चुकीचा सांगितला गेला असला तरी मुद्दा बरोबर सापडला होता. हे यंत्र घरात मावत होतं. बाईला घराबाहेर न पडता पैसे मिळवता येतील असं ते यंत्र. आपल्याकडे ही गोष्ट सर्वांत आधी कुणाला कळली असेल तर विधवांसाठी काम करणाऱ्यांना. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथे शिवणाचे वर्ग चालत. पुढे गावोगाव असे वर्ग निघाले. तरुण विधवेला शाळा शिकवून मास्तरीण किंवा नर्स करणं हा एक रस्ता. ज्यांचं शिकायचं वय निघून गेलं त्यांना शिवणयंत्र. १९३०च्या दशकात कलकत्त्याला देशी यंत्रं बनायला लागली. बिशनदास बसील यांनी त्या यंत्राला आपल्या मुलीचं नाव दिलं, उषा.

आमच्या घरात ती उषा होती. काळी, सोनेरी अक्षरांची, पायाची. लहानपणी मी खाली बसून तिचं चाक बसचं स्टिअरिंग म्हणून फिरवायचो आणि आजी ओरडायची, "अरे हात सापडेल पट्ट्यात!" आजी १९५१ साली विधवा झाली. वय एकतीस, बाबा चार वर्षांचे, आत्या पोटात. सासरी खोली एक. सहा महिने शिवणवर्गाला गेली आणि मशीन हप्त्याने आणली. पुढची बावीस वर्षं एका दुकानदाराला झबली आणि टोपडी शिवून दिली, डझनावर. कापड बेतून त्याच्याकडून यायचं, गठ्ठा करून परत जायचा. पुण्यातल्या किती बाळांनी आजीच्या हातची झबली घातली असतील देव जाणे, आणि त्यांतल्या एकाच्याही घरी तिचं नाव ठाऊक नसणार. आत्या म्हणते, आम्हाला मात्र आईने शिवलेलं कधी नवं मिळालं नाही, उरलेल्या चिंध्यांचं मिळालं.

आजी गेल्यावर पत्र्याच्या ट्रंकेत तिची हिशोबाची वही सापडली. चाळीस पानी, चारआणेवाली. आत फक्त तारखा आणि अशा ओळी: "झ. २ ड. टो. २ ड. दोरा आपला." पुढच्या पानावर तेच. "झ. ३ ड. दोरा आपला." एका ठिकाणी, "सुई मोडली, आपली." दर कुठेही लिहिलेला नाही, बहुतेक तो तिला आणि त्याला तोंडपाठ होता. मी तेव्हा पंचवीसेक वर्षांचा, नवीन नोकरी. 'दोरा आपला' वाचून मला हसू आलं होतं. आमच्या टीममध्ये ती म्हणच झाली. कुणी स्वतःच्या पैशाने चहा आणला की, "दोरा आपला!"

तर, पिशव्या. पुठ्ठ्यावर नमुना मी काढला. रुंदी बारा इंच, उंची चौदा, आत एक छोटा कप्पा कार्डासाठी. रविवार पेठेत जाऊन कोरा कॅनव्हास आणला, दहा औंसवाला, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४० ग्रॅम. बंदांसाठी सुती नवार. बटण नाही, चेन नाही, नाडी नाही, कारण बाळाच्या आसपास यातलं काहीच नको. मग मागच्या वस्तीत एक ताई शिवणकाम करतात त्यांच्याकडे गेलो. दहा बाय दहाची खोली, दारातच मशीन, कारण उजेड तिथेच. भिंतीवर ब्लाऊजच्या कागदी नमुन्यांची माळ.

त्यांनी नमुना हातात घेतला, कापड बोटांत चुरगाळून पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी भिजवून वाळवायला लागेल. नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल आणि नवार आटणार नाही, वाकडी होईल पिशवी." हे माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. मग म्हणाल्या, "बंद एवढे लांब नको दादा. मूल रांगायला लागलं की गळ्यात अडकवतं. हाताने धरण्यापुरते ठेवते." हेही नव्हतं.

"शिलाई किती घ्याल?"

"एकशेवीस."

मी काय केलं असेल? मोबाईल काढला. इंटरनेटवर अख्खी पिशवी, छपाईसकट, नव्व्याण्णवला मिळते हे त्यांना दाखवलं. त्या वाद घालत बसल्या नाहीत. शंभरावर तुटलं. मी मनातल्या मनात चाळीस गुणिले वीस, आठशे वाचले म्हणून खूश. निघताना त्यांनी सहज विचारलं, अगदी हिशोब पक्का करावा तसं.

"दोरा कोणाचा?"

"तुमचाच ना ताई, शिलाईत आलाच की."

"बरं."

जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर मला ती वही आठवली. मागे वळलो नाही. काय बोलणार होतो?

त्या शनिवारी मी आजीची मशीन माळ्यावरून काढली. पट्टा नवा घातला, तेल दिलं, आणि ठरवलं की एक पिशवी स्वतः शिवायची. निव्वळ विदा गोळा करायला. बाजूच्या शिलाया सरळ गेल्या. त्यांच्यावर पुन्हा दुसरी टीप, कारण पुस्तकांचं वजन. वरची कड दोनदा दुमडून दोन टिपा. मग बंद. जिथे नवार बसते तिथे कॅनव्हासचे तीन थर, वर नवारीची दुमड, असे पाच थर, आणि त्यात चौकोन करून आत फुली मारायची. पहिली सुई तिथे मोडली. मी सोळा नंबरची लावली होती, अठरा हवी होती. दुसरीही मोडली, कारण मी कापड ओढलं. तिच्या टोकाचा तुकडा उडाला तो सोफ्याखाली सापडला. एका पिशवीला लागले तीन तास दहा मिनिटं, आणि कप्पा तिरका.

दोऱ्याचा हिशोबही केला, राहवलं नाही म्हणून. एका पिशवीत साधारण साडेचार मीटर शिलाई, वरचा आणि खालचा दोरा आणि जाडीत जाणारा धरून तिप्पट, म्हणजे तेरा-साडेतेरा मीटर. चाळीस पिशव्यांना पाचशे मीटरच्या वर. शिवाय सुया. पैशात म्हणाल तर फार नाही. आमच्या ऑफिसातल्या दोन कॉफ्यांत बसेल. पण बावीस वर्षं बसेल का?

हे काम मोजायचं कसं यावर जगात बरंच डोकं लढवलं गेलंय. अहमदाबादला इला भट्टांनी १९७२ साली 'सेवा' ही संघटना काढली, तिच्या लढ्यांतला एक होता गिरण्यांच्या चिंध्यांपासून गोधड्या शिवणाऱ्या बायांचा. व्यापारी चिंधी देई, बाई घरी शिवे, नगावर पैसे. दोरा बाईचा, मशीन बाईची, वीज बाईची, जागा बाईची. अशा बायांना कामगार म्हणायचं की नाही हाच मुळात वाद. सेवाने तो जगाच्या व्यासपीठावर नेला आणि १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आणि आपण 'हँडमेड', 'लोकल' अशी चिठ्ठी पाहिली की वस्तू उचलतो, मीही उचलतो. त्या चिठ्ठीवर दोरा कोणाचा हे लिहिलेलं नसतं.

पुढच्या रविवारी ताईंकडे गेलो. आठ पिशव्या तयार होत्या. मी म्हणालो, "ताई, एकशेवीसच घ्या. दोरा आणि सुया आमच्याकडून, वेगळ्या."

त्यांनी मशीन थांबवली. "मग आधी घासाघीस कशाला केली?"

मी म्हटलं, सवय. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दिवसाला पाचच होतात माझ्या. पाणी येतं दहाला, पोरगी शाळेतून येते दीडला, चारनंतर दारात ऊन येतं, डोळे दिपतात. तुम्ही म्हणाला चाळीस, मी दोन ब्लाऊजवाल्यांना पुढच्या महिन्यावर ढकललं शंभरच्या हिशोबाने." मग पुन्हा पाय चालू केला.

कमिटीत अर्थातच ठिणगी पडली. खजिनदार म्हणाले, सोसायटीचा पैसा आहे, दानधर्म करायचा तर खिशातून करा. त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नाही. बाहेरून मागवल्या असत्या तर तेवढ्या पैशात प्रत्येक बाळाला एक पुस्तक जास्त देता आलं असतं. आणि मूळ योजना पुस्तकांची होती, पिशव्यांची नव्हे. मी बराच वेळ बोललो, आजी मधे आणली नाही. शेवटी तडजोड झाली. पिशव्या चाळीसऐवजी बत्तीस, दर ताईंचा. उरलेल्या कापडाचं काय करायचं यावर कुणी काही बोललं नाही.

काल शेवटच्या पाच आल्या. त्यांतल्या तीन पिशव्यांचा कप्पा उलट्या बाजूला. चूक माझी, पुठ्ठ्यावर 'आतून' लिहायला विसरलो होतो. उसवून परत शिवायला ताईंनी नगामागे वीस रुपये सांगितले. दिले.

पहिली पिशवी बी विंगमधल्या बाळाला दिली. सात महिन्यांची आहे, बारसं कधीच होऊन गेलंय, पण आमचाच उशीर. मी चित्रांचं पुस्तक तिच्यासमोर धरलं. तिने ते बाजूला सारलं, पिशवीचा बंद ओढला आणि चौकोनातली फुली जिथे मारलीय ते टोक तोंडात घातलं. तिथे पाच थर आहेत. बराच वेळ चावत होती.